रेडिएटरमधली हळद

जानेवारी २०२३. सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर आमच्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला. रस्त्याकडेला वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांवर लावतात तो. वर ठळक अक्षरांत 'बेवारस वाहन', खाली अमुक दिवसांत न हलवल्यास उचलून नेण्यात येईल वगैरे. कागद लावणाऱ्याचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. नऊ वर्षं ती गाडी ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या कुंपणाला टेकून, निम्मी आमच्या हद्दीत आणि निम्मी रस्त्यावर, उभी होती. चारही टायर बसलेले. हौद्यात शेवग्याचा पाला कुजून माती झालेली आणि त्या मातीत वीतभर पिंपळ उगवलेला. कुणीही बेवारसच म्हटलं असतं.

आप्पा काठी टेकत बाहेर आले. माझे वडील, तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद नाकाजवळून वाचला.

"बेवारस म्हंजी ज्याला वारस न्हाय त्ये ना?"

"हो, आप्पा."

"मंग?"

एवढंच बोलून ते चहा प्यायला आत गेले. त्या 'मंग?'चं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. पैसे किती लागले ते लिहिणार नाही, कारण माझी भावजय हे वाचते.

गाडी म्हणजे टाटामोबाइल २०६. आजच्या मुलांना हे नाव सांगितलं की ती फोनचं मॉडेल समजतात. १९८८ साली टेल्कोनं ही पिकअप आणली. कंपनीचं नाव टाटा मोटर्स व्हायला अजून पंधरा वर्षं होती आणि टेल्को म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठे ट्रकच यायचे. ४०७ दोन वर्षं आधी आली होती, पण तीही लहानखुरा ट्रकच. २०६ला मात्र पुढे मोटारीसारखी केबिन आणि मागे हौदा. हिच्याच घडणीवरून पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो निघाल्या. 'सुमो'चा जपानी पैलवानांशी काही संबंध नाही, ते टेल्कोचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव आहे. हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजी आपल्या गाडीच्या धाकट्या बहिणीला सायबाचं नाव, आन् थोरलीला नुसता नंबर."

आमची गाडी १९९१ची, एमएच-०४ पासिंग. आप्पांनी ती १९९६ मध्ये पतपेढीच्या कर्जावर दुसऱ्या हातची घेतली. त्याआधी ते भायखळ्याच्या भाजीबाजारात पाठीवर माल वाहायचे. त्या वर्षी बाजार वाशीला आला, आणि आप्पांनी ठरवलं, आता पाठ पुरे झाली, चाकं बघू. मग अठरा वर्षं एकच रस्ता. संध्याकाळी ओतूर-नारायणगावकडचा माल भरायचा, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे करत पहाटेच्या आत वाशी. २०१४ मध्ये डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्यांनी गाडी कुंपणाला लावली, किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा तिच्याबद्दल बोलले नाहीत.

मी त्या गाडीत भरपूर बसले आहे. क्लीनर नसला की क्लीनर साइडला मी. बारावीची परीक्षा ठाण्यात होती, तेव्हा बाजारातून परतलेली गाडी तशीच मला सोडायला यायची. त्या बाजूच्या दाराची आतली कडी केव्हाच मोडली होती. आप्पांनी तिथं सुतळी बांधून भोकातून बाहेर काढली होती, ती ओढली की दार उघडायचं. केंद्राच्या फाटकासमोर, सगळ्या मैत्रिणींदेखत, मी ती सुतळी दोनदा-तीनदा हिसडायची आणि ड्रेसवरची कांद्याची सालं झटकत उतरायची. त्या वयात माणूस अशा गोष्टींनी मरत का नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं.

तर, काम. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे नोंद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असं मानतात. त्यामुळे मी शंभर झिपच्या पिशव्या, मार्कर आणि एक दोनशेपानी वही आणली. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, वर लेबल: 'क्लीनर साइड, दार, वरची बिजागरी, ३ नग'. हे बघून मिस्त्री पहिल्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मिस्त्री म्हणजे आप्पांचे जुने दोस्त. कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजात आयुष्य घालवून आता घरी बसलेले. ते फक्त रविवारी यायचे आणि पैशांऐवजी मटण मागायचे. चार महिन्यांनी गिअरबॉक्सचे बोल्ट शोधताना त्यांनीच मला गुपचूप विचारलं, "ताई, ती वही कुठाय?"

मांडणी अशी असायची: मिस्त्री गाडीखाली, मी पाने-गोट्या देणारी, आणि आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत, शेवग्याच्या सावलीत. आप्पांना ऐकू कमी येतं, पण नट घसरला तर त्याचा आवाज बरोबर ऐकू जातो. "आगं, जोर नगं करू. डिझेल सोड त्याच्यावर, उद्या बघ." जाम झालेल्या नटाबद्दल आप्पा आणि मिस्त्री दोघांचं एकमत होतं: जुनं ऑइल आणि डिझेल रात्रभर मुरवायचं, तरी हलला नाही तर गॅसनं नट तापवायचा. नट फुगतो, गंजाची पकड सुटते. कापायचं ते अगदी शेवटी. मी पहिल्याच आठवड्यात घाईनं दोन बोल्ट मोडले होते, त्यांची नोंदही वहीत आहे.

पार्टांसाठी फिरणं हा वेगळाच अभ्यासक्रम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर २०६चा पार्ट मागितला की दुकानदार मान हलवतो. जुन्या सुमोचा मागितला की पोटमाळ्यावर चढतो. इंजिन एकच, १९४८ सीसीचं, पण नाव योग्य घ्यावं लागतं. हे शहाणपण यायला तीन फेऱ्या गेल्या. आणि प्रत्येक दुकानात, "कुणासाठी पाहिजे, मॅडम?" सुरुवातीला मी चिडायची. नंतर "वडिलांसाठी" म्हणायला लागले, त्यानं भाव जरा कमी होतो.

रेडिएटर आम्ही तुर्भ्याच्या एका रेडिएटरवाल्याकडे दिला. त्यानं कथलाचा डाग सोडवून वरची टाकी उचलली, आत बॅटरी मारली आणि मला हाक मारली. नळ्यांची तोंडं पिवळीधमक. सळईनं खरवडलं तर पिवळ्या पापुद्र्यांचा ढीग निघाला.

"ही हळद हाय, ताई," तो म्हणाला. "तुमच्या वडलांनी रेडिएटरचं लगीन लावलंय."

घरी येऊन विचारलं. आप्पांना तारीख आठवत नव्हती, पण रात्र आठवत होती. माळशेजमध्ये धुकं, पाऊस, गाडीत मेथी आणि कोथिंबीर, आणि बॉनेटमधून वाफ. रेडिएटर गळत होता. हळद टाकली की ती पाण्याबरोबर फिरते, फुगते आणि जिथनं गळतंय त्या फटीत जाऊन बसते, हे रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. प्रश्न एवढाच की घाटात, रात्री अडीचला, हळद आणायची कुठनं? डॅशबोर्डवर जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी होती.

"देवाचा भंडारा ओतलात रेडिएटरमध्ये?"

"मंग काय करू? मेथी सडू देऊ? देवाचाच व्हता, देवानंच गाडी खाली आणली."

पुढेही जेव्हा जेव्हा गळलं, तेव्हा हाच उपाय. गळकी नळी कुठली आणि धड कुठली, हे हळदीला कळत नाही. वर्षानुवर्षं ती दोन्हींत बसत गेली आणि निम्म्या नळ्या बंद झाल्या. २०१० नंतर गाडी घाटात सारखी तापायची, त्याचं कारण हे. म्हणजे ज्या उपायानं त्या रात्री गाडी वाचली, त्यानंच नंतर तिचा जीव काढला. रेडिएटरवाल्यानं नवं कोअर घातलं आणि खरवडलेली हळद कागदात बांधून माझ्या हातात दिली. "देवाचं हाय म्हणता, तर मी कचऱ्यात नाय टाकत." ती पुडी मी शेवग्याच्या बुंध्याशी रिकामी केली.

तोपर्यंत माझ्या डोक्यात काम सरळ होतं: जुनं काढायचं, नव्यासारखं बसवायचं. हळदीनंतर तसं राहिलं नाही. गाडीत जिथं हात घालावा तिथं आप्पा सापडायला लागले. डिझेलच्या टाकीच्या शिवणीवर लाल साबणाची वडी अंगठ्यानं दाबून लिंपलेली होती, अंगठ्याच्या रेषा अजून दिसत होत्या. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती डागडुजी टिकली होती. टाकी उतरवून आत बारीक खडी घालून आम्ही ती तासभर हलवली, तेव्हा गंज आणि काळा चिखल सुटला. मग शिवण नीट डाग देऊन बंद केली. साबण खरवडताना मात्र मी थोडी रेंगाळले, हे कबूल करते.

पण सगळंच असं हळवं नव्हतं. हौद्यातल्या फळ्या उचलल्या, त्या दिवशी मी आप्पांवर ओरडले.

१९९८च्या सुमाराला आप्पांनी हौद्यात बाभळीच्या फळ्या टाकल्या होत्या. त्याचा त्यांना केवढा अभिमान! क्रेट घासून पत्रा झिजायला नको म्हणून. फळ्यांच्या खाली डांबर फासलेलं. आता गणित बघा. भाजी ओली भरतात, रात्रभर पाणी ठिबकतं. ते फळ्यांच्या फटीतून खाली जातं, पण तिथनं बाहेर कुठं जाणार? डांबर जिथं तडकलं तिथं ते पत्र्यापर्यंत पोचलं आणि लाकूड स्पंजासारखं त्याला धरून बसलं. भाजीची माती, खाडीकडची खारी हवा. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते, आणि मीठ असलं की काम भराभर होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून पापुद्रे उचलत जातो. वरून फळ्या ठणठणीत. फळी उचलली तर खालचा पत्रा तिच्याबरोबर पापडासारखा उठून आला. हौद्यातून खाली मिस्त्रींचं टक्कल दिसत होतं.

आणि चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. माल जास्त बसावा म्हणून आप्पांनी मागच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक पाटा जादा घातला होता. पाटा वाकत नाही म्हटल्यावर सगळा मार पाटा जिथं टांगलेला असतो त्या जागेवर. ड्रायव्हर साइडला नेमकं तिथं चेसीला बोटभर तडा.

"आप्पा, ही गाडी तुम्ही मारलीत," मी म्हणाले. बरीच मोठ्यानं म्हणाले, कारण ऐकू येत नाही. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

आप्पा शांतपणे उठले, वाकले, फळीवर हात फिरवला. "फळ्या नसत्या तर तीन वर्सात पत्रा फाटला असता. तवा नवा हौदा घ्यायला पैकं व्हतं का? तुझी फी व्हती, त्याची फी व्हती." 'त्याची' म्हणजे माझ्या भावाची. "फळ्यांनी सोळा वर्सं काढली. आजून काय पायजे लाकडाकडनं?"

त्या रात्री मी वहीत लिहिलं: 'हौदा तळ: पूर्ण बदलणे. कारण: फळ्या.' मग 'कारण' खोडलं. मग परत लिहिलं. माझ्या नोकरीत कारणाच्या रकान्यात एकच गोष्ट लिहितात. इथं दोन होत्या, एकमेकींच्या विरुद्ध, आणि दोन्ही खऱ्या. फळ्यांनी गाडी खाल्ली हे खरं. फळ्यांमुळे मी शिकले हेही खरं. जादा पाट्यावर आलेले जादा दहा-बारा क्रेट म्हणजे माझ्या फार्मसीच्या कॉलेजची फी होती, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्यांना एक हौस असते: 'कंपनीतून निघाली तशी' करायची. मलाही होती. पण कंपनीतून निघाली तेव्हा ती आप्पांची नव्हती, पहिली पाच वर्षं दुसऱ्याच कुणाची तरी होती. मग ती न्यायची कुठल्या सालात? आणि दुसऱ्या टोकाला, आप्पांचा हात लागलेलं सगळं पूजेत ठेवायचं म्हटलं तर तडा गेलेली चेसी घेऊन रस्त्यावर जायचं? मला दोन्ही पटेनात. शेवटी मी प्रत्येक जुगाडाला स्वतंत्र न्याय द्यायचं ठरवलं. साबण गेला, हळद गेली, जादा पाटे गेले. फळ्यांचा निकाल राखून ठेवला.

चेसीचं काम मिस्त्रींनी घरी करू दिलं नाही. त्यासाठी वेल्डर गाठला तो त्यांच्याच माहितीतला, हातानं कमी आणि डोक्यानं जास्त काम करणारा. तडा ग्राइंडरनं खोल उघडायचा, टोकाला भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग आतपर्यंत वेल्डिंग भरायचं. वरून पट्टी मारायची ती चौकोनी नाही, शंकरपाळ्यासारखी. चौकोनी पट्टीचं वेल्डिंग चेसीला आडवं उभं राहतं आणि पुढच्या वेळी चेसी नेमकी त्या रेषेवर मोडते. तिरक्या कडांवर ताण पसरतो. पस्तीस वर्षं मी दिवाळीला शंकरपाळे कापते आहे, त्याचा हा उपयोग मला माहीत नव्हता.

इंजिनाबद्दल फार सांगत नाही. हेड उतरलं, व्हॉल्व्ह घासून बसले, रिंग आणि बेअरिंग नवी पडली. डिझेल पंप आणि नोझल कळंबोलीला पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर गेले. ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं, आम्ही आठवडाभर सिलिंडरांत दोष शोधत बसलो आणि दोष निघाला डायनॅमोच्या पाठीला असलेल्या व्हॅक्यूम पंपात. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, तिच्यामागे आपोआप निर्वात होतो आणि ब्रेकला मदत मिळते. डिझेलला ती झडपच नसते, म्हणून वेगळा पंप. मिस्त्रींना हे माहीत होतं, पण ते आठवडाभर गप्प राहिले, "ताई शोधत्यात तर शोधू द्या" म्हणून.

सुरू करायचा दिवस मात्र सांगायलाच हवा. डिझेलच्या नळ्यांतली एअर काढून झाली, बॅटरी नवी. हीटर प्लग गरम करायचं बटण आप्पांनी फार पूर्वी डॅशबोर्डखाली वेगळं बसवलं होतं. थंड डिझेल इंजिनात नुसत्या दाबानं आग धरत नाही, आधी प्लग लालबुंद व्हावे लागतात. किती वेळ दाबायचं, हे विचारायला मी मागे वळले, तर आप्पांचं सुरूच झालं होतं. "बे एके बे, बे दुणे चार..." तेच. लहानपणी गाडी सुरू होण्याआधी ते पाढा का म्हणतात, हे मला कधीच कळलं नव्हतं, मला वाटायचं देवाचं काही म्हणतात. "बे दाहे वीस. मार आता." मी स्टार्टर मारला. दोनदा नुसती घरघर. परत पाढा. तिसऱ्यांदा गाडीनं पांढऱ्या धुराचा एक लोट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर सोडला आणि ती चालू झाली. शेजारीणबाईंनी आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं. बटण तसंच आहे, त्याला टायमर बसवायचा विचार मी सोडून दिला.

आता माझ्या चिरंजीवांबद्दल. वय एकोणीस. गाडी चालू होईपर्यंत ते फिरकले नाहीत, चालू झाल्यावर मोबाइलवर चित्रं घेऊन आले. गाडी सहा इंच उचलायची, रुंद टायर, टपावर एलईडीची पट्टी, रंग काळा, तोही बिनचमकीचा. मी त्याला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचायला दिलं. आरसीवर कंपनीच्या मूळ नोंदीनुसार जे आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. तो म्हणाला, "मग आजोबांचे जादा पाटे?" मी म्हटलं, "ते काढले ना?" पण प्रश्न बिनतोड होता.

काही गोष्टी मात्र त्याच्या ऐकल्या. हेडलाइटला वेगळे रिले, नवी वायरिंग, तीन-बिंदूचे सीटबेल्ट, केबिनमध्ये फोन चार्ज करायचं सॉकेट. सीटमध्ये पुन्हा काथ्याच भरला, फोम नको असं आप्पांनी बजावलं होतं. आणि फळ्यांचा निकालही त्यानंच लावला. नव्या पत्र्याला चारी कोपऱ्यांत पाणी जायला भोकं, वर रबराच्या गट्ट्या, गट्ट्यांवर फळ्या, बोटभर अंतरानं, खिट्ट्या काढल्या की हातानं उचलता येतील अशा. फळ्या जुन्याच. रंधा मारल्यावर आतून तांबूस, घट्ट निघाल्या. बाभूळच ती. आप्पांनी एक उचलून बघितली, खाली ठेवली आणि "भोकं मला सुचाया पायजे व्हती" असं कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले. ज्यांना कमी ऐकू येतं ते हळू बोलतात तेव्हा सगळ्यांना ऐकू जातं.

रंगाचा घोळ सगळ्यात मोठा. आमच्या आठवणीत गाडी निळी. आरसीवर लिहिलंय पांढरी. आप्पांनी कधीतरी निळी करून घेतली आणि कागदावर नोंद केलीच नाही. नंबरपाटीचंही तसंच. पिवळा खरवडला तर खाली पांढरा. धंद्याच्या गाड्यांना आधी पांढऱ्यावर काळी अक्षरं असत आणि खासगी गाड्यांना काळ्यावर पांढरी, मग २००१ मध्ये नियम बदलला. नव्या होलोग्रामच्या पाटीनं तो प्रश्न मिटवला, पण गाडीचं काय? कागदाप्रमाणे पांढरी करणं सोपं होतं. आप्पा म्हणाले, "पांढरी केली तर ती त्याच्या आधीच्या मालकाची." मग अर्ज, फॉर्म, पुन्हा अर्ज, आणि सव्वीस वर्षांनी आमची गाडी सरकारदरबारी निळी झाली.

रंगाऱ्यानं पहिला हात जूनच्या शेवटी मारला, माझ्या घाईमुळे. तो नको म्हणत होता. पावसाळी हवेत ड्युको मारला की थिनर उडताना पत्र्यावर दव धरतं आणि रंगावर पांढुरकं मळभ येतं. आलंच. सगळं घासून काढलं, दिवाळीपर्यंत गाडी ताडपत्रीखाली. ऑक्टोबरात पुन्हा पत्र्याला लांबी भरणं, पुन्हा पॉलिश पेपर, आणि मग रंग. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर पूर्वी होतं तसं 'श्री खंडोबा प्रसन्न' लिहिलं. खाली 'हॉर्न ओके प्लीज' होतं, ते आप्पांना हवं होतं. पण महाराष्ट्रात २०१५पासून ते लिहायला बंदी आहे. विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं म्हणून. आप्पांना हे मुळीच पटलं नाही. ती जागा त्यांनी रिकामीच ठेवायला लावली. "उठवली बंदी तर?"

कागदपत्रांचा पाढा इथं म्हणत नाही. थकलेला कर, पर्यावरण कर, विमा, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची २०२२पासून वाढलेली फी. पीयूसीत एवढ्या जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर मोजायचं एकक). आमचा आकडा ४१ आला तेव्हा मिस्त्रींनी पीयूसीवाल्याचा हात हातात घेऊन हलवला. माझ्या साध्या लायसन्सवर मालाची गाडी चालवता येते का, यावर दोन एजंटांनी दोन उत्तरं दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की साडेसात हजार किलोंच्या आतल्या वाहतुकीच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. आमच्यासाठी दिलेला नव्हता, पण वेळेवर आला.

जानेवारी २०२५. पहिली फेरी कुठं, असं विचारलं तर आप्पा म्हणाले, "बाजारात." किती वाजता? "बाजाराच्या टायमाला."

पहाटे तीन. मी ड्रायव्हर साइडला चढले. आप्पा सवयीनं माझ्यामागे त्याच दाराशी आले, थबकले, आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. या गाडीत त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पाढा त्यांनीच म्हटला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांचे दिवे, रबाळेजवळ नेहमीचा तो वास, आणि आप्पांचा उजवा पाय, प्रत्येक सिग्नलला पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबणारा. तुर्भ्याला वळल्यावर ट्रकांची रांग लागली. नारायणगावची एक गाडी बघून त्यांनी काच खाली केली आणि तिच्या ड्रायव्हरला टोमॅटोचा भाव विचारला. त्यानं सांगितला. आप्पांनी नापसंतीनं मान हलवली, जणू माल त्यांचाच होता.

भाजीबाजाराच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी मी गाडी लावली. आप्पा उतरायला वळले. त्यांचा हात दारावरून फिरला, वर, खाली, पुन्हा वर.

"दोरी कुठं गेली?"

"हँडल बसवलंय, आप्पा. हाताखालीच आहे."

त्यांनी हँडल बघितलं. बोटानं चाचपलं. मग उघडी काच होती तिच्यातून हात बाहेर घातला, बाहेरच्या कडीनं दार उघडलं आणि काठी घेऊन खाली उतरले.

"दोन कटिंग," टपरीवाल्याला ते म्हणाले. "एक त्या ड्रायव्हरला दे."